वाणाची टेप

संक्रांत जवळ आली की आमच्या सोलापुरात गल्लोगल्ली शेंगदाणे भाजल्याचा वास सुटतो. बाकीच्यांनी तिळगुळावर भागवावं. इथं शेंगापोळी झाली नाही तर सण झाला असं कुणी मानत नाही. सकाळी हातपाय गारठलेले, दुपारी पाठीला चटका देणारं ऊन, बाजारात बोरं, ओला हरभरा, उसाची कांडकी, आणि गड्ड्याच्या जत्रेच्या पाळण्यांचे उभे राहू लागलेले सांगाडे. हे सगळं मला फार आवडतं. फक्त या दिवसांत माझं एक जुनं दुखणं उठतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं ते नाही. त्याला मराठीत सरळ पोटदुखी म्हणतात, आणि माझ्या पोटदुखीचं नाव नलू.

यंदा ते उठलं प्राजक्तामुळे. प्राजक्ता माझी सून. हळदीकुंकवाला यंदा वाण काय लुटायचं, असं तिनं विचारलं आणि माळ्यावर स्टीलच्या वाट्यांचा डबा असेल, असं मी सांगितलं. ती वर चढली आणि वाट्यांऐवजी एक चपटी गोल प्लास्टिकची डबी घेऊन उतरली.

"आई, हे काय? सिनेमाचं रीळ?"

झाकणावर नलूच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द होता, स्नोबॉल. शाई फिकी झाली होती. आत तपकिरी टेपचं रीळ, आणि डबीच्या तळाशी चिमूटभर लालसर भुकटी.

"कंपायलर आहे तो," मी म्हणाले.

प्राजक्ता स्वतः कॉम्प्युटरवरच काम करते. तिनं मोबाईल काढला, दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई, ही भाषा आता कुणी वापरत नाही. पण कंपायलर फुकट मिळतोय. हवा तर आत्ता उतरवून देते."

"तेव्हाही फुकटच होता," मी म्हणाले आणि डबी तिच्या हातातून घेतली.

आणीबाणी उठली त्याच्या आसपासची ती वर्षं. नलू आणि मी एकाच कॉलेजात शिकवत होतो. मी गणित, ती संख्याशास्त्र. दोघींत मिळून एक टेबल, एक खण आणि त्याची एकच किल्ली. नलू पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या घरातली. तिच्या गल्लीत शिरलं की बोलणं ऐकू यायच्या आधी माग ऐकू यायचे. वडिलांना ती नायना म्हणायची. नायनांचा हातमाग बाहेरच्या खोलीतच होता आणि नलूचा सगळा अभ्यास त्या खटक्याच्या तालावर झालेला. म्हणून असेल, पण तिला शांतता लागत नसे. मला लागायची. मला सगळंच जरा नीट लागायचं.

तिला एक छंद होता. मागाशी बसणाऱ्या माणसांचे शब्द ती गोळा करायची. आपण माग म्हणतो त्याला त्यांच्यात मग्गम, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला नाडे, उभ्या धाग्यांच्या ताण्याला पडुगु. अक्कलकोटकडून आलेला कानडी माणूस आणखी वेगळं काही म्हणायचा, आणि शेजारचे मुसलमान कारागीर तिसरंच. असे शेकडो शब्द तिनं चिठ्ठ्यांवर लिहून साडीच्या खोक्यात भरले होते. कोणत्या शब्दाचं शेपूट, शेवटचं अक्षर, कोणत्या शब्दाशी जुळतं, ते तिला पाहायचं होतं. मला ते खोकं पोरखेळ वाटे आणि मी तसं तिला सांगितलंही होतं. ती हसली होती. नलूला काही बोललं की ती हसायची, ही तिची सगळ्यात वाईट खोड.

एका मे महिन्यात कॉलेजनं आम्हा दोघींना पुण्याला पाठवलं, तीन आठवडे कॉम्प्युटर शिकायला. सोलापुरात तेव्हा भांडी करपावीत असं ऊन, आणि तिथं त्या मशीनच्या खोलीत आम्ही भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो. माणसाला नाही पण मशीनला गारवा लागतो, याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं. प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा. सकाळी खिडकीत द्यायचा, संध्याकाळी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या लांबलचक कागदावर आपल्या चुका छापून यायच्या. सगळ्या वर्गात पहिल्या फटक्यात एकही चूक नसलेला कागद माझा आला. नलूच्या कागदावर चौदा चुका होत्या. तिनं तो कागद सगळ्यांना दाखवला आणि पोट धरून हसली. माझा बिनचूक कागद कुणी मागून पाहिला नाही.

शेवटच्या आठवड्यात मद्रासकडच्या एका सरांनी सहज सांगितलं की आकड्यांसारखं शब्दांशीही खेळता येतं. शब्द तोडायचे, जोडायचे, शेपटावरून लावायचे, यासाठी एक वेगळी भाषा आहे, स्नोबॉल नावाची. आम्ही सोलापूरची माणसं; बर्फाचा गोळा म्हटला की आम्हाला गड्ड्यावरचा, लाल सरबतात बुडवलेला आठवतो. पण या मशीनला ती भाषा येत नाही, सर म्हणाले. त्यासाठी मध्ये दुभाषा लागतो, कंपायलर. तो अमेरिकेतल्या काही लोकांनी केला आहे आणि शिकवणाऱ्यांना ते तो टेपवर भरून फुकट पाठवतात. सरांनी फळ्यावर पत्ता लिहिला. नलूनं उतरून घेतला. मीही घेतला. एवढं लक्षात असू द्या. पत्ता माझ्याही वहीत होता.

परत येताना कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर चहा पिताना नलू म्हणाली, "मंगल, मी लिहिते बग त्यांना."

"काय लिहितेस?"

"द्या म्हणून."

मी इतकी हसले की चहा सांडला. सोलापूरच्या एका बाईला, जिच्या कॉलेजात साधा टाइपरायटर धड नाही, तिला अमेरिकेतली माणसं टेप पाठवणार! मी तिला समजावलं, नीट, मोठ्या बहिणीसारखं. ती ऐकून घेत होती, आणि मला वाटलं पटलं तिला.

गणपती बसले त्या आठवड्यात पार्सल आलं. आमचे शिपाई इस्माईलचाचा ते दोन्ही हातांत धरून वर्गाच्या दारापर्यंत आले. पोस्टाचे, जकातीचे शिक्के, परदेशी तिकिटं. स्टाफरूममध्ये सगळे गोळा झाले. प्राचार्य स्वतः उठून आले. आत टेप, जाडजूड माहितीपुस्तक आणि चार ओळींचं पत्र. एक पैसा मागितलेला नाही.

"पण मिळवलंस कसं?" कुणीतरी विचारलं.

"मागितलं की," नलू म्हणाली.

हेव्याचा मला चांगला अभ्यास आहे, म्हणून सांगते. दुसऱ्याकडे पैसा आहे, रूप आहे, नशीब आहे, म्हणून वाटणारा हेवा सोसता येतो. आपल्याकडे ते नाही, तर नाही, असं म्हणून झोप लागते. पण जी वस्तू फुकट होती, जिचा पत्ता आपल्याही वहीत होता, जी नुसत्या चार ओळींच्या पत्रानं आपल्या दारात आली असती, ती दुसरीला मिळाली की त्या हेव्याला टेकायला जागाच उरत नाही. रागवायचं कुणावर? कार्डं बिनचूक माझी होती. ती भाषा माझ्या हातात आली असती तर मी काय काय केलं असतं, हे मला दिसत होतं. मला ती हवी होती, अगदी जीव जाईल अशी हवी होती. आणि नलूकडून नको होती.

दिवाळीच्या सुट्टीत नलू पुण्याला गेली. मशीनवर अर्धा तास मिळाला तिला. कसा, ते मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं. येताना ती हिरव्या पट्ट्यांच्या कागदाची वळकटी घेऊन आली. तिचे सगळे शब्द त्यावर शेपटावरून लागून आले होते, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, तेलुगू आणि मराठी आणि कानडी एकमेकांशेजारी, एका गल्लीत राहतात तसे. नायनांना तिनं तो वाचून दाखवला, तेव्हा मी तिथं होते. म्हातारा मागावरून उतरला, कागदावर हात फिरवला आणि म्हणाला, "त्या मिशनीला आपलं बोलणं कुणी शिकवलं?"

"मीच की, नायना."

मी चहा न घेता घरी आले. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

त्याच आठवड्यात मी पत्र लिहिलं. माझ्या वहीतल्या पत्त्यावर, माझ्या नावानं. कुणाला सांगितलं नाही. इंग्रजी तीनदा तपासलं, एक स्वल्पविराम पुढचा मागे केला. मग सुरू झालं वाट बघणं. मार्गशीर्षातले ते दिवस मला तासातासानं आठवतात. शेतांतून हुरड्याची बोलावणी येत होती, स्टाफरूममधले सगळे एका रविवारी बार्शीच्या रस्त्याला कुणाच्या मळ्यात जाऊन आले, आणि मी गरम हुरडा तळहातावर चोळताना मनात हिशेब मांडत होते की पत्र आता कुठं पोचलं असेल. रोज इस्माईलचाचांना विचारायचं, "चाचा, कुछ आया?" आणि चाचांनी मान हलवायची, "नइं मैडम."

संक्रांत आली. नलूच्या घरचं हळदीकुंकू. बाहेरच्या खोलीत सणामुळं माग थांबलेला, त्यावर धुतलेलं पांढरं कापड घातलेलं, आणि एरवी कानठळ्या बसवणाऱ्या त्या खोलीत बांगड्यांचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. सतरंजीवर आम्ही बायका ओळीनं बसलेल्या. नलू एकेकीला हळदकुंकू लावत होती, तिळगूळ देत होती आणि वाण म्हणून प्लास्टिकची साबणाची डबी. माझ्यापाशी आल्यावर तिनं आतून वेगळं काहीतरी आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, ताटलीएवढं, गोल.

"हे काय गं? आमाला साबणाची डबी आन् मंगलबाईला ताट?" शेजारची एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, पण जरा वाकडं. गंमत बघा. आयुष्यात एकदाच एका खोलीतल्या सगळ्या बायका माझा हेवा करत होत्या, आणि मला ते भोगताही आलं नाही.

घरी येऊन कागद सोडला. आत टेप होती. नलूनं पुण्याच्या ऑपरेटरकडून एक जुनी, पुसून टाकलेली टेप मागून घेतली होती आणि तिच्यावर माझ्यासाठी कंपायलरची नक्कल करून आणली होती. टेपच्या खाली एक परदेशी पाकीट होतं. पत्ता माझ्या नावाचा. फोडलेलं.

पत्र चारच ओळींचं होतं. आपल्या विनंतीबद्दल आभार. आपल्याच कॉलेजातल्या आपल्या सहकारी बाईंना आम्ही याआधीच एक प्रत पाठवली आहे. ती इतरांना देण्यास आमची मुळीच हरकत नाही. कृपया त्यांच्याकडून मागून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना गाठलं. ते निर्मळपणे म्हणाले, "वो तो कब का दिया मैं, नलिनी मैडम कू. फॉरेन का टपाल उनकाच आता ना?"

म्हणजे तिला माहीत होतं. मी चोरून लिहिलं, तिला एका शब्दानं विचारलं नाही, हे सगळं माहीत असून ती इतके दिवस माझ्या शेजारी त्याच टेबलाशी बसत होती, माझ्या डब्यातली शेंगाची चटणी खात होती. आणि भांडली नाही. भांडली असती तर किती बरं झालं असतं. तिनं ते वाणात घालून दिलं, आणि वाण काही परत करता येत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, वाणात काय आलं? मी डबी उघडून दाखवली. ही पट्टी, यात भाषा भरलेली असते, असं म्हणत हातभर टेप सोडवून त्यांच्यापुढं धरली. सासूबाईंनी कौतुकानं पाहिलं आणि देवापुढचा करंडा जवळ ओढला. घरात आलेली नवी वस्तू, मग ती सायकल असो की शिलाई मशीन, हळदकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, ही आमच्या घरची रीत. त्यांनी चिमूट भरली. टेपवर धुळीचा कण पडला तरी मशीन ती वाचत नाही, हे मला तीन आठवडे शिकवलं होतं. आई, थांबा, एवढंच म्हणायचं होतं. त्यांचा हात करंड्यातून टेपपर्यंत येईतो भरपूर वेळ होता. मी थांबवलं नाही. टेप बिघडली तर नलूचं मला काहीच लागणार नाही, असं त्या क्षणी माझ्या मनात अगदी स्वच्छ शब्दांत आलं. मग हळद पडली, कुंकू पडलं, दोन अक्षता रिळाच्या फटीत घरंगळल्या. मी वाकून नमस्कारसुद्धा केला.

पुढं मात्र लाज वाटली. मऊ फडक्यानं पुसपुसून, फुंकून मी ती टेप मे महिन्यात पुण्याला नेली. ऑपरेटरनं रीळ उजेडात धरलं. बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"बाई, यात कुंकू आहे," तो म्हणाला. "ही मी मशीनवर चढवणार नाही."

सोलापूरला परतले तर नलू टेबलाशी वाटच बघत होती. "चालली का गं?"

"चालली की," मी म्हणाले. "मस्त चालली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि हसली.

त्या एका वाक्यानं मी माझं दार आतून लावून घेतलं. चाललेली टेप पुन्हा कशी मागणार? स्नोबॉलमधली एक ओळही मी कधी लिहिली नाही. नलूच्या शब्दांचं पुढं एक बारीकसं पुस्तक निघालं. मी ते दुकानातून विकत आणलं. तिच्याकडे मागितलं असतं तर तिनं सही करून दिलं असतं. निवृत्त होईपर्यंत आम्ही एका टेबलाशी बसलो, एकमेकींच्या घरची लग्नं केली, दुखणी काढली. मैत्री नव्हती असं कोण म्हणेल? पण तिच्याकडे काही मागायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. चिमूटभर मीठ लागलं तरी मी दुसऱ्या टेबलावर जायची.

हे सगळं त्या डबीतून निघालं, म्हणून परवा संक्रांतीला मी डबी पिशवीत घालून नलूकडे गेले. तीच गल्ली, पण आता तिथं माग वाजत नाहीत. नायनांची बाहेरची खोली राहिली, तिथं दिवाण आणि टीव्ही आहे. नलू पंचाहत्तरीची, गुडघ्यांनी दमलेली, पण पोळ्या अजून स्वतःच लाटते. तिच्या शेंगापोळीची कड फुटत नाही. माझी नेहमी फुटते. हेही मी इतकी वर्षं पाहत आलेय.

मी डबी तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "नलू, ही चालली नव्हती. मी खोटं बोलले होते. यात कुंकू पडलं होतं, आणि मी पडू दिलं होतं."

ती डबी उचलून बघत राहिली. मग म्हणाली, "माहितीय की."

"काय माहितीय?"

"त्या ऑपरेटरनं सांगितलं ना मला. पुढच्या खेपेला गेले तर म्हणतो, बाई, तुमच्या मैत्रिणीनं टेपची पूजा घातलीय. लई हसलो आमी. मग तिथंच तुझ्यासाठी दुसरी करून घेतली मी."

"दुसरी? कुठाय?"

"वर्षभर आपल्या खणात होती. पाठीमागं, हजेरीपटाच्या खाली. नंतर पुण्याला टेपा कमी पडायला लागल्या, तवा परत दिली. तिच्यावर त्यांनी कुठले तरी निकाल भरले."

आमच्या खणात. ज्याची किल्ली रोज माझ्याही हातात होती.

"मग दिली का नाहीस?" माझा आवाज चढला. या वयातही चढला.

नलू हसली नाही. पहिल्यांदाच. "एकदा न मागता दिली होती की, मंगल," ती म्हणाली. "तर तुझं तोंड किती दिवस उतरलेलं होतं, बघत होते की मी. म्हटलं, या खेपेला मागू दे हिला. मागशील म्हणून रोज वाट बघायची मी. मागितलीच नाहीस बग."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि ताटलीत तूप लावलेली शेंगापोळी घेऊन आली. मी खाल्ली. कड फुटलेली नव्हती. खोलीत भाजल्या शेंगदाण्यांचा वास होता, आणि बाहेर कुणाच्या तरी पोरीनं गड्ड्यावरून आणलेली पिपाणी वाजत होती. नलू ताटली उचलायला वाकली. एरवी मी पोट भरलं म्हणून हात आडवा धरला असता.

मी ताटली सोडली नाही. "नलू," मी म्हणाले, "अजून एक दे."